तुकडा काजूपासून घरचं चीज : निवड, कृती, साठवण आणि विक्रीचे नियम

सिंधुदुर्ग : काजूचा हंगाम संपत आला की कारखान्यांत आणि घरगुती सोलणी करणाऱ्यांकडे अख्ख्या गरासोबत पाकळी, तुकडा आणि कणीचाही ढीग साठतो. अख्ख्या गराला गिऱ्हाईक लगेच मिळतं. तुकडा मात्र मिठाईवाल्याला नाहीतर बेकरीला पडेल त्या भावाने जातो. या तुकड्यापासून दुधाशिवाय चीज बनवता येतं आणि त्यासाठी मिक्सर, सुती पंचा आणि फ्रीज एवढंच लागतं. गोव्यात आणि पुण्या-मुंबईत असं चीज लहान प्रमाणावर विकलंही जातं.

पण काजूचं आहे म्हणून ते काजूसारखं टिकेल असं नाही. भिजवून वाटलेला काजू दुधासारखाच नासतो. घरी खायला करायचं असो की बचत गटाला विक्रीसाठी करायचं असो, हे आधी समजून घेतलेलं बरं.

व्हेगन चीज म्हणजे काय?

दूध, दही, तूप, मध, अंडी असा प्राण्यांपासून मिळणारा कोणताही पदार्थ न खाणाऱ्यांना व्हेगन म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. काजू-बदाम आंबवून चीज करण्याची पद्धत घराघरांत पोचली ती अलीकडे. अमेरिकेत मियोको शिनर यांचं 'आर्टिसन व्हेगन चीज' हे पुस्तक २०१२ साली आलं, त्यानंतर तिचा बराच प्रसार झाला.

व्हेगन नसलेल्यांनाही याचा उपयोग आहे. दूध पचत नाही, दुधाने पोट फुगतं, अशी माणसं आपल्याकडे घरोघरी सापडतात. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आणि होम-स्टेमध्ये 'बिनदुधाचं काही आहे का' असं विचारणारे पर्यटकही येतात.

दुधाचं चीज आणि काजूचं चीज यात फरक काय?

दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. रेनेट किंवा आंबट पदार्थ घातला की ते एकत्र येतं, दूध फाटतं, चोथा वर येतो आणि पाणी सुटतं. काजूत केसीन नाही. त्यामुळे काजूचं दूध काढून त्यात लिंबू पिळलं तर पनीरसारखा गोळा मिळत नाही. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण इथेच फसतात.

काजूचं चीज फाडून होत नाही. ते वाटून, आंबवून आणि निथळवून होतं. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून चक्का करतात, तीच ही रीत. फक्त दह्याच्या जागी काजूची वाटण असते.

काजूच का, याचंही कारण आहे. काजूच्या गरात साधारण ४४ टक्के स्निग्धांश आणि १८ टक्के प्रथिनं असतात, शिवाय पिष्टही भरपूर असतं. स्निग्धांशामुळे वाटण लोण्यासारखी मऊ होते आणि पिष्टामुळे गरम केल्यावर आपोआप दाट होते. बदामाची सालं काढावी लागतात आणि वाटण थोडी रवाळ राहते. शेंगदाणा स्वस्त पडतो, पण त्याचा वास दबत नाही. त्यात दाण्याला ओल लागून बुरशी धरलेली असेल तर अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं, आणि ते शिजवूनही पुरतं जात नाही. खोबऱ्याचं चीज होतं, पण त्यात प्रथिनं कमी आणि तेलच जास्त.

कोणता काजू घ्यायचा?

बाजारात डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० अशा नावांनी जो काजू मिळतो तो अख्खा. हा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात त्याचा. आकडा जितका लहान, गर तितका मोठा आणि भाव तितका चढा. त्याच्या खालोखाल पाकळी, मग मोठा तुकडा, बारीक तुकडा आणि शेवटी कणी.

चीजसाठी अख्ख्या गराची गरज नाही, कारण शेवटी तो वाटायचाच आहे. मोठा पांढरा तुकडा सगळ्यात चांगला. कणी चालते, पण तिच्यात सालीचे कण आणि धूळ जास्त असते, म्हणून निवडून घ्यावी लागते.

घेताना पाहायच्या गोष्टी :

- वास. खवट वास आला की परत द्यायचा. आंबवल्याने खवटपणा जात नाही, उलट वाढतो.
- रंग. पांढरा किंवा फिकट पिवळसर चालेल. काळे डाग, हिरवट छटा किंवा जाळी दिसली तर नको.
- मीठ लावलेला, तळलेला किंवा मसाल्याचा काजू नको.
- जुना, गेल्या हंगामातला तुकडा असेल तर आधी चार दाणे चावून बघायचे.

ओले काजूगर उसळीला उत्तम, पण चीजला टाळावेत. टरफलातला चीक अंगाला लागला तर भाजतो हे कोकणात लहान पोरांनाही ठाऊक आहे. तो गराला लागलेला राहिला तर वाटणीत उतरतो. वाफवून किंवा भाजून फोडलेला, बोरम्यात सुकवून सोललेला गरच वापरावा.

सिंधुदुर्गात वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जातींची लागवड मोठी आहे. या जाती वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काढलेल्या. चांगल्या बीतून वजनाच्या २८ ते ३० टक्क्यांपर्यंत गर निघतो, म्हणजे एक किलो गराला साडेतीन किलोच्या आसपास बी लागते. फोडणी आणि सोलणीत काही गर तुटतोच. पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड आणि आजऱ्यातल्या काजूवाल्यांनाही हा तुटीचा हिशेब नवा नाही.

आधी स्वच्छता

'कच्चा काजू' म्हणून विकला जाणारा गर कारखान्यात एकदा तापलेला असतो. पण त्यानंतर तो सोलणी, निवड, भरणी अशा अनेक हातांतून जातो. तळून किंवा भाजून खाल्ला तर अडचण नसते. चीज करताना मात्र तोच गर ओला करून उबेत ठेवला जातो, आणि उबेत चांगले जंतू वाढतात तसे वाईटही वाढतात.

अमेरिकेत २०२१ साली काजूच्या ब्री चीजमधून साल्मोनेलाची लागण झाली आणि चार राज्यांत २० जण आजारी पडल्याची नोंद झाली. त्याआधी २०१३-१४ मध्येही कच्च्या काजूच्या चीजमधून अशीच लागण झाली होती.

त्यासाठी पुढची तयारी करायची :

१. बरणी, चमचा आणि पंचा १० मिनिटं पाण्यात उकळून घ्यायचा. मिक्सरचं भांडं कढत पाण्याने धुवायचं.

२. पातेल्यात पाणी खळखळ उकळून त्यात काजू टाकायचा. पुन्हा उकळी आल्यावर दोन मिनिटं ठेवून पाणी ओतून द्यायचं.

३. मग उकळून गार केलेल्या पाण्यात काजू बुडवून चार ते सहा तास फ्रीजमध्ये ठेवायचा. एप्रिल-मेच्या उकाड्यात ओट्यावर रात्रभर भिजत घालायचा नाही.

४. भिजवलेलं पाणी वापरायचं नाही.

प्रकार पहिला : झटपट, पसरायचं चीज

पोळीला, भाकरीला, ब्रेडला लावायला हे सोपं. यात आंबवणं नाही, त्यामुळे नवख्याने इथून सुरुवात करावी.

साहित्य : तुकडा काजू २५० ग्रॅम (वर सांगितल्याप्रमाणे उकळून भिजवलेला), दोन लिंबांचा रस, मीठ एक लहान चमचा, लसणीची एक पाकळी, उकळून गार केलेलं पाणी अर्धी वाटी.

कृती : सगळं चटणीच्या भांड्यात घालून वाटायचं. एकदम पाणी ओतायचं नाही, चमचा-चमचा घालायचं. मिक्सर सलग चालवला तर भांडं तापतं आणि काजूचं तेल सुटतं, म्हणून अर्धा मिनिट चालवून थोडं थांबायचं. बोटावर घेतल्यावर रवा लागला नाही की झालं. थोडी मिरपूड किंवा कुटलेला ओवा घालता येतो. फ्रीजमध्ये दोन तास ठेवलं की घट्ट होतं. चार दिवसांत संपवायचं.

प्रकार दुसरा : आंबवलेलं चीज

चीजची खरी आंबूस चव यात येते.

विरजण कशाचं हा पहिला प्रश्न. दह्याचं पाणी वापरलं तर चीज छान होतं, पण ते व्हेगन राहत नाही आणि दूध न चालणाऱ्याला देता येत नाही. मिरचीच्या देठांनी विरजण लावायची युक्ती काही जण सांगतात, पण देठावर नेमके कोणते जंतू आहेत हे कळायला मार्ग नसतो. औषधाच्या दुकानातली प्रोबायोटिक कॅप्सूल त्यातल्या त्यात भरवशाची. पाकिटावर 'लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस' हे नाव आहे का ते वाचायचं. 'बॅसिलस क्लॉसी' लिहिलेल्या कुप्या या कामाच्या नाहीत. काही कॅप्सूलमध्ये दुधाचा अंश असतो, तेही पाकिटावर दिलेलं असतं.

साहित्य : उकळून भिजवलेला तुकडा काजू २५० ग्रॅम, उकळून गार केलेलं पाणी १०० मिली, प्रोबायोटिक कॅप्सूल दोन, मीठ एक लहान चमचा (शेवटी).

कृती :

१. काजू आणि पाणी अगदी मऊ वाटून घ्यायचं. वाटण कोमट असेल तर गार होऊ द्यायची.

२. कॅप्सूल उघडून त्यातली पूड मिसळायची. या वेळी मीठ घालायचं नाही, मिठाने आंबणं मंदावतं.

३. काचेच्या बरणीत पाऊण भागापर्यंत भरायचं. वाटण फुगते, म्हणून वर जागा ठेवायची. तोंडाला पंचाचा तुकडा बांधून सावलीत ठेवायची.

४. उन्हाळ्यात १२ ते १८ तास, थंडीत २४ ते ३६ तास लागतात. वाटण फुगली, आत बुडबुडे दिसले आणि ताज्या दह्यासारखा आंबूस वास आला की झालं.

५. आता मीठ मिसळायचं. पंचात बांधून चाळणीवर ठेवायचं, वर ताटली आणि त्यावर अर्धा किलोचं वजन. खाली भांडं ठेवून सगळं फ्रीजमध्ये १२ ते २४ तास. दह्याइतकं पाणी सुटत नाही, थोडंच निथळतं. त्याची काळजी करू नये.

६. घट्ट झालं की हाताला तेलाचा हात लावून गोळा करायचा. मिरपूड, जिरेपूड किंवा चिरलेल्या कोथिंबिरीत घोळवायचा.

२५० ग्रॅम काजूचं साधारण ३५० ते ४०० ग्रॅम चीज होतं.

आंबटपणा मोजायला पीएचच्या पट्ट्या मिळतात. आकडा ४.५ च्या खाली आला पाहिजे. त्याच्या वर राहिला तर रोगजंतूंना वाव राहतो. विक्रीसाठी करणाऱ्याने ही पट्टी प्रत्येक घाण्याला लावायलाच हवी, जिभेच्या अंदाजावर जाऊ नये. ३६ तासांत आंबलं नाही तर ते 'अजून थोडं ठेवू' असं करायचं नाही, टाकून द्यायचं.

प्रकार तिसरा : सुरीने कापता येणारं

यासाठी चायना ग्रास लागतं. हे समुद्री शेवाळापासून बनतं, त्यामुळे व्हेगनला चालतं. जिलेटिन जनावरांपासून येतं, ते चालत नाही.

एक वाटी पाण्यात चायना ग्रासची पूड दोन लहान चमचे (किंवा १० ग्रॅम भिजवलेल्या काड्या) घालून ढवळत उकळी आणायची आणि पूर्ण विरघळेपर्यंत दोन-तीन मिनिटं उकळायचं. नुसत्या गरम पाण्यात ते धरत नाही. पहिल्या प्रकारची काजूची वाटण आधीच कोमट करून ठेवायची आणि हे गरम पाणी त्यात ओतून भराभर ढवळायचं. वाटण थंड असेल तर गाठी होतात. तेल लावलेल्या वाटीत ओतून फ्रीजमध्ये दोन तास ठेवलं की वडी पडते. हे किसता येतं, पण तव्यावर ताणलं जात नाही.

प्रकार चौथा : तार सुटणारं

पिझ्झा, टोस्ट आणि चीज-डोशासाठी साबुदाण्याचं पीठ उपयोगी. साबुदाणा कोरडाच मिक्सरला लावून चाळून घ्यायचा.

भिजवलेला काजू १०० ग्रॅम, पाणी २५० मिली, साबुदाण्याचं पीठ तीन मोठे चमचे, तेल दोन मोठे चमचे, लिंबाचा रस एक मोठा चमचा, मीठ पाऊण लहान चमचा. सगळं वाटून पातळ करायचं आणि जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर सतत हलवायचं. आधी गाठी होतील, घाबरायचं नाही. चार-पाच मिनिटांत गोळा चकचकीत होऊन उलथन्याला तार सुटते. गरम असताना चमच्याने डोशावर किंवा पिझ्झ्यावर टाकायचं.

ब्रीसारखं मुरवलेलं चीज घरी का करू नये?

ब्री, कॅमेम्बेर या चीजवर पांढरी बुरशी मुद्दाम वाढवतात. ती ठरावीक जातीची असते आणि तिला नेमका गारवा आणि नेमकी ओल लागते. पावसाळ्यात कोकणात भिंतीवर, चपलेवर, लोणच्यावर जी बुरशी धरते ती ही नव्हे. घरच्या काजू चीजवर गुलाबी, काळा, हिरवा कसलाही ठिपका दिसला तर तेवढाच भाग काढून उरलेलं खायचं नाही. सगळं टाकायचं.

काय चुकतं आणि का?

- रवाळ राहिलं : काजू कमी भिजला किंवा वाटताना पाणी एकदम जास्त झालं.
- कडवट लागलं : काजू खवट होता, सालीचे कण राहिले किंवा लिंबाची बी वाटली गेली.
- तेल वर आलं : वाटताना भांडं तापलं.
- आंबलंच नाही : वाटण गरम असताना कॅप्सूल घातली, मीठ आधी पडलं किंवा कॅप्सूलची मुदत संपलेली होती.
- चिकट तार आली, घाण वास आला : दुसरेच जंतू वाढले. चाखूनही बघायचं नाही, फेकायचं.

साठवण

झटपट चीज फ्रीजमध्ये चार दिवस, आंबवलेलं सात दिवस. फ्रीजच्या दारात ठेवू नये, आतल्या कप्प्यात ठेवावं. दर वेळी कोरडा चमचा वापरायचा. फ्रीजरमध्ये दोन महिने राहतं, पण नंतर थोडं रवाळ होतं, म्हणून ते भाजी-ग्रेव्हीत वापरावं.

तालुक्याच्या गावांत पावसाळ्यात वीज जाणं नेहमीचंच. वीज गेल्यावर फ्रीजचं दार उघडायचं नाही. चार तासांपेक्षा जास्त वेळ गेली तर काजूचं चीज ठेवून उपयोग नाही.

लसूण घातलेलं चीज तेलात बुडवून कपाटात ठेवायची हौस करू नये. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे बोटुलिझमचे जंतू वाढू शकतात. या विषाला वासही नसतो.

कोणी खावं, कोणी जपून?

काजूची ॲलर्जी असलेल्याने हे बिलकुल खाऊ नये. पाहुण्याला देताना 'यात काजू आहे' हे आधी सांगायचं, कारण दिसायला ते दुधाच्या चीजसारखंच दिसतं. ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं असं झालं तर थेट दवाखाना गाठायचा. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसं आणि आजारातून उठलेल्यांना आंबवलेलं चीज देऊ नये. त्यांना चौथ्या प्रकारचं, शिजवलेलं आणि ताजं द्यावं.

दुधाची जागा हे भरून काढत नाही. १०० ग्रॅम चेडर चीजमध्ये सुमारे ७०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तर १०० ग्रॅम काजूत ४० मिलिग्रॅमही नसतं. काजूत जीवनसत्त्व ब-१२ नाही. दूध बंद केलेल्या घरात कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ असं काही ताटात हवं आणि ब-१२ साठी डॉक्टरांना विचारावं.

विकायचं असेल तर

हिशेब साधा आहे. एक किलो तुकड्याचं सुमारे दीड किलो चीज होतं. समजा तुकडा ६०० रुपये किलो पडला, तर एक किलो चीजमागे काजूचा खर्च ४०० रुपये. त्यात कॅप्सूल, गॅस, वीज, डबी, बर्फपेटी आणि मजुरी धरायची. न खपलेला माल आठवड्यात टाकावा लागतो, तोही हिशेबात घ्यायचा. ऑर्डर घेऊनच बनवलं तर नुकसान टळतं.

नियमांचं पुढीलप्रमाणे :

- घरगुती उद्योग असला तरी अन्न सुरक्षा कायदा २००६ खाली नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक डबीवर छापावा लागतो.
- 'चीज', 'पनीर', 'दूध' ही नावं दुधाच्या पदार्थांसाठी राखलेली आहेत. वनस्पतीजन्य पदार्थाच्या लेबलवर ती वापरता येत नाहीत. २०२१ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा नावांची उत्पादनं ऑनलाइन विक्रीतून काढायला सांगितलं होतं. घरात चीज म्हणा, डबीवर मात्र 'काजू स्प्रेड' असं काहीतरी लिहावं लागेल.
- 'व्हेगन' असं लिहायचं असेल तर २०२२ चे व्हेगन खाद्यपदार्थ नियम लागू होतात. त्यासाठी वेगळी मंजुरी आणि वेगळं चिन्ह आहे. त्याच भांड्यात दही-दूध हाताळलं जात असेल तर हा दावा टिकत नाही.
- काजू असल्याची ॲलर्जी सूचना, बनवल्याची तारीख, वापरायची मुदत आणि 'थंड ठेवा' ही सूचना डबीवर हवी.
- मुदत स्वतःच्या मनाने टाकू नये. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा.

थोडक्यात

तुकडा निवडून घ्यायचा, उकळत्या पाण्यातून काढायचा, फ्रीजमध्ये भिजवायचा, मऊ वाटायचा. आंबवलं तर नीट आंबलं का ते बघायचं, मीठ शेवटी घालायचं. डब्यावर तारीख लिहायची आणि मुदत संपली की काजू कितीही महाग असला तरी टाकून द्यायचं. सुरुवात पाव किलोने करावी. पहिल्या दोन-तीन वेळा हात बसला की मगच जास्तीचा तुकडा भिजत घालावा.